हिवाळ्यात गाडी काढावी की झाकावी?

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील डेट्रॉइट हे शहर मोटार उद्योगाचे माहेरघर मानले जाते. दर वर्षी ऑगस्ट महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी तेथील वुडवर्ड ॲव्हेन्यू या हमरस्त्यावर मोटारींची मोठी जत्रा भरते. १९९५ साली सुरू झालेल्या या 'वुडवर्ड ड्रीम क्रूझ'मध्ये हजारो गाड्या संथ गतीने मिरवत जातात. घासूनपुसून लखलखीत केलेल्या मस्टँग, कॉर्व्हेट, कॅमेरो पाहण्यासाठी लोक रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून दिवसभर बसतात.

डिसेंबरात त्याच रस्त्यावर उभे राहिले, तर यांपैकी एखादीच गाडी दृष्टीस पडते. रस्त्यावर उरतात त्या रोजच्या राबत्या गाड्या आणि त्यांच्या दारांवर चढलेला मिठाचा पांढुरका थर. ऑगस्टमध्ये मिरवलेल्या गाड्या तोवर गॅरेजमध्ये आच्छादनाखाली झोपी गेलेल्या असतात. त्या थेट एप्रिलमध्ये जाग्या होतात.

ज्याच्याकडे चार गाड्या आहेत, त्याला यात काही अडचण नाही. अडचण असते ती वेगळ्या माणसाची. पंधरा-वीस वर्षे नोकरी केली, घराचे हप्ते भरले, मुलांची शिक्षणे मार्गी लावली आणि मग कुठे मनाजोगती वेगवान गाडी दारात आणली, अशा माणसाची. डेट्रॉइट परिसरातील मोटार कंपन्यांमध्ये आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांमध्ये मराठी अभियंत्यांची संख्या चांगली आहे. पुण्या-मुंबईतून आलेल्या अभियंत्याला गाडी ऋतूपासून जपण्याची कल्पना नवी नसते. पावसाळा लागला की हौसेची मोटारसायकल ताडपत्रीखाली जाते, हे त्याने लहानपणापासून पाहिलेले असते. पण पाऊस गाडी भिजवतो आणि वाहून जातो. उत्तरेकडील हिवाळा गाडीवर काहीतरी ठेवून जातो, आणि तिथेच खरा प्रश्न सुरू होतो.

वर्षातले पाच महिने गाडी झाकून ठेवायची, तर ज्या वस्तूसाठी इतकी वर्षे काढली तिचा उपभोग अर्ध्यावर येतो. शिवाय हप्ते बाराही महिन्यांचे भरावे लागतात. बाहेर काढायची, तर पाच-सहा हिवाळ्यांत तिचे तळभाग खाल्ले जाण्याची भीती. त्याहून मोठी भीती निसरड्या रस्त्यावर ताबा सुटण्याची. यावर घराघरांत वाद होतात आणि ते दर वर्षी नव्याने होतात. या वादात बहुतेकदा थंडी आणि बर्फ यांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते. वास्तविक मुख्य आरोपी दुसरेच आहेत.

वेगवान गाडी आणि बर्फ यांचे हाडवैर नाही, याचा पुरावा इतिहासात सापडतो. आल्प्सच्या हिमाच्छादित घाटांतून जाणारी माँटे कार्लो रॅली जानेवारीत होते. ही शर्यत १९६८, १९६९ आणि १९७० अशी सलग तीन वर्षे पोर्शे ९११ ने जिंकली. इंजिन मागच्या चाकांवर असलेली ही गाडी बर्फावर उलट अधिक चांगली पकड घेत असे, कारण ज्या चाकांना जोर मिळतो त्यांच्यावरच वजन. ऑडी क्वाट्रो या प्रसिद्ध गाडीची कल्पनाही १९७६-७७ च्या हिवाळ्यात फिनलंडमध्ये बर्फावर चाललेल्या चाचण्यांतून पुढे आली. तेव्हा गाडी वेगवान आहे म्हणून ती हिवाळ्यात चालवता येणार नाही, हे म्हणणे टिकत नाही. टिकते ते एवढेच, की ती गाडी ज्या टायरांवर कारखान्यातून बाहेर पडते, त्या टायरांवर ती हिवाळ्यात चालवता येणार नाही.

हा भेद नीट समजून घेण्यासारखा आहे. अशा गाड्यांना बहुधा उन्हाळी टायर असतात. त्यांचे रबर तापलेल्या डांबरावर चिकटून राहावे अशा बेताने बनवलेले असते. तापमान उतरू लागले, की हेच रबर कडक होत जाते. साधारणपणे ७ अंश सेल्सिअस ही त्याची मर्यादा मानली जाते. त्याखाली रस्ता पूर्ण कोरडा असला, ऊन पडलेले असले, तरी पकड घटलेली असते. चालकाला ते जाणवत नाही, पहिला जोराचा ब्रेक लावेपर्यंत. तापमान उणे ७ अंशांच्याही खाली गेले, तर धोका आणखी निराळा. तेव्हा अशा काही टायरांचे रबर इतके ठिसूळ होते, की गाडी नुसती पुढे-मागे हलवली तरी त्याला चिरा पडू शकतात. टायर आणि मोटार कंपन्या आपल्या पुस्तिकांमध्ये तसा स्पष्ट इशारा देतात. म्हणजे अधिक सात आणि उणे सात ही दोन तापमाने लक्षात ठेवली, तरी निम्मा निर्णय झाला. पहिल्याखाली उन्हाळी टायरांवर वेगाने जायचे नाही, दुसऱ्याखाली गाडी जागची हलवायचीही नाही.

हिवाळी टायर दिसायला साधा, पण त्याची रचना फार विचारपूर्वक केलेली असते. त्याचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्याच्या नक्षीत शेकडो बारीक चिरा असतात. चाक फिरताना या चिरा उघडतात, बर्फ चिमटीत धरतात आणि पुन्हा मिटतात. बर्फावर सर्वांत चांगली पकड बर्फाचीच, हे तत्त्व त्यामागे आहे. मुठीत दाबलेला भुसभुशीत बर्फ घट्ट गोळा होतो, तसेच. अशा टायरावर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्ह असते. ते बर्फावरील प्रत्यक्ष चाचणीनंतरच मिळते. 'एम प्लस एस' अशी जी अक्षरे पुष्कळ टायरांवर दिसतात, त्यांना तसा आधार नाही. ती केवळ नक्षीच्या रचनेवरून दिली जातात. जर्मनीने २०१० साली हिमवर्षाव वा निसरड्या रस्त्याच्या वेळी योग्य टायर सक्तीचे केले, आणि ऑक्टोबर २०२४ पासून तर त्यासाठी केवळ डोंगर-हिमकणाचे चिन्ह असलेले टायरच ग्राह्य धरले जातात. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर लावावेच लागतात. मिशिगनमध्ये अशी सक्ती नाही. तिथे हा भार मालकाच्या शहाणपणावर सोडलेला आहे.

'आमच्या गाडीची चारही चाके ओढतात, आम्हाला काय त्याचे?' असा एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. चारही चाकांना जोर मिळाल्याने गाडी जागेवरून सुटते झोकात. थांबण्याच्या बाबतीत त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण ब्रेक सर्वच गाड्यांना चारही चाकांना असतात. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल ही यंत्रणा अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून सर्व मोटारींना अनिवार्य झाली आणि तिने निःसंशय जीव वाचवले आहेत. पण तीसुद्धा टायराकडे जेवढी पकड शिल्लक असेल, तेवढीच वाटून देऊ शकते. नसलेली पकड ती निर्माण करू शकत नाही. ४०० अश्वशक्तीची, मागच्या चाकांवर चालणारी गाडी उन्हाळी टायरांवर बर्फात नेणे म्हणजे धाडसही नव्हे. तो निव्वळ अविचार होय.

टायरांचा प्रश्न पैशाने सुटतो. दुसऱ्या रिमांवर चढवलेला हिवाळी टायरांचा संच घेतला, नोव्हेंबरमध्ये बसवला, एप्रिलमध्ये काढला, की झाले. शक्य असल्यास हे रिम एक इंच लहान आणि टायरची भिंत थोडी उंच असावी. बर्फ गोठण्या-वितळण्याने रस्त्यांना जे खड्डे पडतात, त्यांत पातळ भिंतीचा टायर रिमसकट जायबंदी होतो. मोठ्या ब्रेकांमुळे लहान रिम बसत नाही असेही होते, तेव्हा आधी पुस्तिका पाहावी. उन्हाळी टायर या काळात वापरात नसल्याने झिजत नाहीत, त्यामुळे खर्चाचा काही भाग परतही मिळतो.

मिठाचा प्रश्न मात्र इतका सरळ नाही.

मीठ म्हटले की मुंबईकरांच्या डोळ्यांपुढे मुलुंड-भांडुपची किंवा वसईची मिठागरे येतात. डेट्रॉइटचे मीठ शहराच्या पोटात आहे. घरे, कारखाने, रस्ते यांच्याखाली सुमारे साडेतीनशे मीटर खोलीवर मिठाची प्रचंड खाण आहे. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी तेथे असलेला समुद्र आटत गेला आणि त्याचे मीठ खडकांच्या थरांत अडकून राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभापासून ते खणून काढण्यात येत आहे, आणि आज त्याचा मुख्य उपयोग रस्त्यांवर टाकण्यासाठी होतो. मोटारींच्या राजधानीच्या पायाखालीच मोटारींचा शत्रू निघावा, हा योगायोग मोठा विलक्षण आहे.

रस्त्यावर मीठ टाकण्याची प्रथा फार जुनी नाही. न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८ साली त्याचा प्रयोग सुरू केला. दुसऱ्या महायुद्धानंतर महामार्ग वाढले, रस्ता बाराही महिने काळाभोर दिसलाच पाहिजे अशी अपेक्षा रुजली आणि मिठाचा वापर झपाट्याने वाढत गेला. आता अमेरिकेतील रस्त्यांवर वर्षाला सुमारे दोन कोटी टन मीठ पडते. त्याचे कार्य सोपे आहे. मीठ पाण्यात विरघळले की पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. पाण्यात २३ टक्के मीठ असेल, तर ते उणे २१ अंशांपर्यंत द्रवरूप राहते. व्यवहारात मात्र उणे ९-१० अंशांच्या खाली साध्या मिठाचा प्रभाव बराच मंदावतो. म्हणूनच अलास्कातील फेअरबँक्ससारख्या अतिथंड ठिकाणी रस्त्यांवर मिठापेक्षा वाळू-खडीचाच आधार घ्यावा लागतो. तिथे गाडीच्या काचा फुटतात, पण पत्रा टिकतो. डेट्रॉइट, शिकागो, टोरांटो, बफेलो या शहरांचा हिवाळा शून्याच्या आगेमागे घोटाळत राहतो. मिठाला तो अगदी पोषक. गाडीच्या दृष्टीने कमी थंडीचा प्रदेश अधिक घातक ठरतो, तो असा.

लोखंड गंजण्यासाठी पाणी आणि प्राणवायू पुरेसे असतात. मीठ त्या पाण्याला विजेचे चांगले वाहक बनवते आणि त्यातील क्लोराइड धातूवरील संरक्षक थर भेदत जातो. कोकणात समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांचे गज कसे पोखरले जातात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगायला नको. क्लोराइडची करणी किती दूरवर पोचते, याचा एक दाखला मिशिगनमध्येच घडला. फ्लिंट शहराने २०१४ साली पाण्याचा स्रोत बदलून नदीचे पाणी घेतले. त्यातील क्लोराइडमुळे तेथील जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्यात तयार भागांवर गंज दिसू लागला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कारखान्याने ते पाणी घेणे थांबवले. नागरिकांच्या नशिबी मात्र तेच पाणी आणखी वर्षभर राहिले. पण तो निराळा आणि अधिक गंभीर विषय आहे.

अलीकडे कोरड्या खड्यांच्या जोडीला मिठाचे द्रावण वापरतात. वादळाच्या आदल्या दिवशीच टँकर रस्त्यावर समांतर पांढऱ्या रेघा ओढत जातो. काही ठिकाणी त्यात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड मिसळतात, म्हणजे ते अधिक थंडीतही काम करते. गाडीच्या दृष्टीने ही क्षारे फार चिवट. साधे मीठ हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेल्याखेरीज ओलावा धरत नाही. ही क्षारे तीस-पस्तीस टक्क्यांनाच ओली होतात. म्हणजे रस्ता कोरडा दिसतो, गाडी कोरडी दिसते, पण जोडांच्या फटीत, नळ्यांच्या वळणांत ओल कायम असते. 'बर्फ पडलेला नाही, आज कोरडे आहे, एक चक्कर मारून येऊ' या विचारात जो धोका आहे, तो हा.

गंज डोळ्यांना दिसतो तेथे, म्हणजे चाकांवरच्या कमानीत किंवा दाराच्या कडेला, तो फारसा घातक नसतो. घातक असतो तो खालचा. चासी, इंजिन तोलणारी चौकट आणि ब्रेकचे तेल नेणाऱ्या पोलादी नळ्या. अमेरिकेच्या महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने जुन्या पिकअप आणि एसयूव्ही गाड्यांच्या ब्रेक नळ्या गंजून फुटण्याच्या तक्रारींचा अनेक वर्षे तपास केला. २०१५ साली तो संपवताना मीठ वापरणाऱ्या राज्यांतील मालकांना गाडीचा तळ नियमित धुण्याचा आणि नळ्या तपासून घेण्याचा सल्ला या संस्थेने दिला. चासी गंजल्याच्या तक्रारींवरून टोयोटाने २०१६ साली अमेरिकेत पिकअप आणि एसयूव्हीच्या मालकांशी सुमारे ३.४ अब्ज डॉलरपर्यंतच्या भरपाईचा समझोता केला. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१७ साली काढलेल्या अंदाजानुसार, अशा गंजाच्या दुरुस्तीवर अमेरिकी वाहनचालकांचे पाच वर्षांत १५.४ अब्ज डॉलर खर्च झाले होते.

अर्थात सर्वच गाड्या सारख्या दराने गंजत नाहीत. पोर्शे ९११ च्या पत्र्याला १९७६ च्या मॉडेलपासून जस्ताचा मुलामा मिळाला. ऑडी ८० ची संपूर्ण बॉडी १९८६ मध्ये जस्तलेपित झाली. कॉर्व्हेटची बॉडी १९५३ पासून फायबरग्लासच्या कुळातली, त्यामुळे ती गंजत नाही असे लोक समजतात. पण तिच्या खालची चासी पुढची सहा दशके बहुतांशी पोलादीच होती; साध्या मॉडेललाही ॲल्युमिनियमची चौकट आली ती २०१४ मध्ये. ॲल्युमिनियमलाही मीठ सोडत नाही. तो लोखंडासारखा लाल गंजत नाही एवढेच. पोलादी बोल्ट जिथे त्याला भिडतो तिथे दोन धातूंच्या संपर्काने तो पांढरा भुसभुशीत होऊ लागतो. तरीही गेल्या वीसेक वर्षांतली गाडी आणि त्याआधीची गाडी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि निर्णय घेताना तो ध्यानात घ्यायलाच हवा. १९७० च्या दशकातली, जस्ताचा मुलामा नसलेली गाडी मिठात नेणे याला कोणतेही समर्थन नाही. आधुनिक गाडीबाबत समर्थन आहे, पण त्याची किंमत मोजावी लागते.

ही किंमत म्हणजे धुण्याची शिस्त. तापमान शून्याच्या वर गेले, की त्या दिवशी गाडीचा तळ पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढायचा. वरून चकाकी आणणाऱ्या धुलाईचा इथे उपयोग नाही. हिवाळ्यापूर्वी तळाला तेलकट किंवा लॅनोलिनयुक्त लेप दिला तर उत्तम. जाड रबरी लेपाला कालांतराने भेगा पडतात, मग त्याच्या आत ओल कोंडते आणि बाहेरून काहीच कळत नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना उलटी वाटते. मिठाने माखलेली गाडी रात्री ऊबदार गॅरेजमध्ये ठेवणे तिच्या हिताचे नसते. गोठलेल्या अवस्थेत गंजाची प्रक्रिया मंद असते. ऊब मिळाली की बर्फ वितळतो, खारे पाणी फटीफटींत झिरपते आणि रात्रभर निवांतपणे आपले काम करते. न धुतलेल्या गाडीला थंड गॅरेजच बरे. लाडाने केलेली गोष्ट अशी अंगाशी येते.

हे सगळे वाचून, 'झाकूनच ठेवलेली बरी' असे वाटणे साहजिक आहे. पण उभी गाडी सुरक्षित असते, हासुद्धा एक गैरसमज आहे. पाच महिन्यांत बॅटरी हळूहळू उतरते. पूर्ण भारित बॅटरी कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही. उतरलेली बॅटरी मात्र शून्याच्या थोडे खाली गोठू लागते आणि फुगून फुटते. वापरलेल्या तेलात आम्ल आणि पाणी साठलेले असते, ते इंजिनात महिनोन्‌महिने तसेच राहिले तर बेअरिंगांना अपाय करते. हँडब्रेक ओढून ठेवला तर पॅड डिस्कला चिकटतात. टायरांवर एकाच जागी भार राहून सपाट चट्टे पडतात. आणि उंदीर! उबेला येऊन एअर फिल्टरमध्ये घरटे करणे आणि वायरी कुरतडणे हा त्यांचा आवडता उद्योग. शेतावरच्या गोठ्यात ट्रॅक्टर ठेवणाऱ्यांना या प्राण्याची ओळख नव्याने करून द्यायला नको.

म्हणून गाडी झाकणे हेही एक काम आहे, आणि ते एका शनिवारी नीट बसून करावे लागते. शेवटच्या फेरीत इंजिन पूर्ण तापवून तेल आणि फिल्टर बदलायचे. टाकी काठोकाठ भरायची, कारण रिकाम्या जागेत हवेतील ओल जमते. पेट्रोल टिकवणारे रसायन त्यात घालायचे आणि ते इंजिनापर्यंत पोचेल इतके चालवायचे. कूलंट तपासायचे, पाणी आणि ग्लायकॉल निम्मे-निम्मे असले तर ते साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. गाडी धुऊन, पूर्ण वाळवून, टायरांत नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा भरून आत घ्यायची. हँडब्रेक सोडून चाकांना ठोकळे लावायचे. बॅटरीला तिचा भार राखणारा छोटा चार्जर जोडायचा. सायलेन्सरच्या तोंडात उंदरांसाठी स्टीलच्या तारेचा चोथा खोचायचा. वर हवा खेळेल असे कापडी आच्छादन, प्लॅस्टिक नको. विमा रद्द करण्याची चूक करू नये. गॅरेजवर झाड पडू शकते, आग लागू शकते, चोरी होऊ शकते. रस्त्यावरील जोखमीचा भाग कमी करून उरलेला विमा चालू ठेवण्याची सोय अनेक कंपन्या देतात.

एवढे केल्यावर एप्रिलपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. हीच अट सर्वांत अवघड. कारण बहुतेक मालक यानंतर जे करतात, त्यानेच गाडीचे सर्वाधिक नुकसान होते.

रविवारी सकाळी आच्छादन सारून ते गाडी सुरू करतात, दहा मिनिटे इंजिन चालवतात आणि समाधानाने बंद करतात. गाडी 'जिवंत' राहावी, हा हेतू. थंड इंजिन सुरू होताना जास्त पेट्रोल घेते. त्यातले काही तेलात उतरते. ज्वलनातून निर्माण झालेली वाफ थंड सायलेन्सरमध्ये आणि इंजिनात पाणी होऊन साचते. हे पाणी आणि पेट्रोल उडून जाण्यासाठी तेल चांगले तापावे लागते, आणि त्यासाठी रस्त्यावर पाऊण तास तरी चालवावे लागते. दहा मिनिटांत ते होत नाही. सुरू करताना बॅटरीतून जेवढे काढले, तेवढे परतही जात नाही. अशा पंधरा-वीस रविवारांनंतर मालकाच्या हाती येते ते पाणीमिश्रित तेल, आतून गंजलेला सायलेन्सर आणि अर्धवट उतरलेली बॅटरी. बंद गॅरेजमध्ये असे इंजिन चालवणे तर प्राणाशी गाठ घालणारे आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि घराला जोडलेल्या गॅरेजमधून तो झोपण्याच्या खोलीपर्यंत पोचू शकतो.

दुसऱ्या प्रकारचे मालक जानेवारीतल्या एखाद्या उन्हाच्या दिवशी उन्हाळी टायरांवरच छोटी फेरी मारून येतात. एका फेरीने काय होणार? होते असे, की संपूर्ण हिवाळाभर बाहेर फिरणारी गाडी दर आठवड्याला धुतली जाते, आणि हिच्या तळावर एका फेरीत बसलेले मीठ एप्रिलपर्यंत तसेच राहते. तेव्हा चालवायची तर हिवाळी टायर आणि धुलाईसकट पूर्ण चालवावी, झाकायची तर पूर्ण झाकावी. मधला मार्ग समजूतदारपणाचा वाटतो. पण त्यात दोन्हींचे तोटे पदरात पडतात आणि फायदा एकाचाही मिळत नाही.

जर्मनांनी या द्विधा मनःस्थितीवर कायद्यातच उपाय शोधला आहे. १९९७ पासून तेथे 'हंगामी' नंबरप्लेट मिळते. तिच्या उजव्या कडेला दोन आकडे एकाखाली एक छापलेले असतात. वर ०४ आणि खाली १० असेल, तर ती गाडी एप्रिल ते ऑक्टोबर याच महिन्यांत रस्त्यावर येऊ शकते. कर तेवढ्याच महिन्यांचा. इतर काळात ती चालवणे तर सोडाच, सार्वजनिक रस्त्याच्या कडेला उभी करणेही नियमबाह्य. मोटारसायकली आणि उघड्या टपाच्या गाड्या तेथे सर्रास अशा प्लेटवर दिसतात. वर्षाच्या सुरुवातीलाच शांत डोक्याने निर्णय घेतला जातो, आणि जानेवारीतल्या उन्हाचा मोह झाला तरी प्लेट आड येते. मिशिगनमध्ये ही सोय नाही. तिथे हा संयम स्वतःच पाळावा लागतो.

ज्याचे पोट एका गाडीवर अवलंबून आहे, त्याचे काय? डेट्रॉइटच्या उपनगरांत गाडीवाचून कामावर जाता येत नाही. अशांसाठी अमेरिकेत 'विंटर बीटर' नावाची एक परंपराच आहे. हजार-दोन हजार डॉलरची, रंग उडालेली, मन न गुंतलेली जुनी गाडी घ्यायची आणि हिवाळा तिच्या जिवावर काढायचा. ऐकायला स्वस्त वाटते. दुसरा विमा, दुसरी नोंदणी, तिची दुरुस्ती आणि तिला उभे करायला जागा हे धरले की तेवढे स्वस्त राहत नाही. आणखी एक मुद्दा सहसा कोणी मांडत नाही. एअरबॅगा जुन्या, ब्रेकच्या नळ्या गंजलेल्या अशा गाडीत बसून वर्षातले सर्वांत धोक्याचे महिने घालवायचे, आणि भक्कम, आधुनिक ब्रेकांची गाडी गॅरेजमध्ये सुरक्षित ठेवायची! गाडी जपली जाते, माणसाचे काय? नवी, जस्तलेपित, रोजच्या वापरासाठी घेतलेली गाडी असेल आणि दुसऱ्या गाडीची ऐपत वा जागा नसेल, तर हिवाळी टायर बसवून तीच चालवणे अधिक शहाणपणाचे आहे. पुनर्विक्रीच्या जाहिरातीत 'एकही हिवाळा न पाहिलेली' असे लिहिता येणार नाही आणि किंमत काही प्रमाणात उतरेल, हे खरे. पण ती किंमत पुढच्या मालकाच्या समाधानाची आहे. सध्याच्या मालकाने आपली वर्षे त्यासाठी का राखून ठेवावीत, याचा विचार ज्याने त्याने करावा. गाडी दुर्मीळ असेल, जुनी असेल, तिचे भाग मिळत नसतील, तर हिशेब उलटा होतो. तेव्हा ती झाकावी.

तारखेचा घोळही घालू नये. दोन्ही बाजूंना कॅलेंडरपेक्षा रस्ता पाहावा. गाडी आत जाण्याची वेळ पहिला बर्फ पडल्यावर नव्हे, तर रस्त्यावर मिठाच्या पहिल्या पांढऱ्या रेघा दिसण्यापूर्वीची. डेट्रॉइटमध्ये ती बहुधा नोव्हेंबरात येते. मार्चमध्ये बर्फ वितळला म्हणून गाडी बाहेर काढण्याची घाई करणारे फसतात. बर्फ गेलेला असतो, पण मीठ रस्त्याच्या कडेला पडून असते. ते जाते पावसाने. वळवाच्या दोन-तीन जोरदार सरी होऊन रस्ते धुऊन निघेपर्यंत जाणकार मालक थांबतात.

मग एखाद्या एप्रिलच्या सकाळी आच्छादन निघते. टायरांतील हवा, तेल, ब्रेकची पातळी पाहायची. बोनेट उघडून उंदरांची खूण आहे का ते बघायचे. आणि चावी फिरवण्याआधी सायलेन्सरच्या तोंडातला तारेचा चोथा काढायचा. दर वसंतात कोणी ना कोणी तो विसरतोच.